मधुमेही पायासाठी दाब मोजणारा सुखतळा : आकडा स्थिर का राहत नाही?

खानापूरकर :
मधुमेहामुळे माझ्या वडिलांच्या तळव्यांना संवेदना उरलेली नाही. गेल्या पावसाळ्यात अंगठ्याखालची जखम मोज्यावरच्या डागामुळेच कळली. म्हणून वेलोस्टॅट हे कार्बनयुक्त काळे प्लास्टिक तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये घालून, सोबत 10 किलोओहमचा रोधक जोडून, सुखतळ्यात दाब मोजण्याचा प्रयत्न करीत आहे. मात्र वडील नुसते उभे राहिले तरी आकडा पाच मिनिटे चढत राहतो आणि पाय उचलल्यावर मूळ जागी येत नाही. जोडणीत काही चुकले आहे का?

मास्तर_निपाणी :
जोडणी बरोबर आहे. हा त्या पदार्थाचाच स्वभाव आहे. दाबाखाली कार्बनचे कण जवळ येऊन रोध घटतो, परंतु भोवतीचे प्लास्टिक सावकाश सरकत राहते आणि भार काढल्यावर तितक्याच सावकाश परतते, त्यामुळे एकाच वजनाला चढताना एक आणि उतरताना दुसरा आकडा मिळतो. तळव्यासाठी बऱ्याचदा 200 किलोपास्कलची मर्यादा धरतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलो. वेलोस्टॅटवरून तेवढी नेमकी रेषा आखण्याच्या फंदात पडू नये. चालताना प्रत्येक पावलाचा उच्चांक घ्यावा आणि टाच, चवडा व अंगठा यांची आपसांत तुलना करावी.

खानापूरकर :
धारित्रावर, म्हणजे दोन पट्ट्यांच्या विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर, चालणारा संवेदक घेतला तर?

मास्तर_निपाणी :
तो अधिक भरवशाचा असतो. 2010 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील झेनान बाओ यांच्या गटाने अशा संवेदकासाठी सिलिकॉन रबराच्या पातळ थरावर सूक्ष्म पिरॅमिड उठवले. मधल्या हवेमुळे थर सहज दबतो आणि झटकन पूर्ववत होतो. मात्र घाम आणि ओल यांमुळेही धारित्र बदलते, त्यामुळे भूजोडणी केलेले, म्हणजे परिपथाच्या शून्य टोकाला जोडलेले, वाहक आवरण हवेच, विशेषतः आपल्या खानापूरच्या पावसात.

अथणीचा_कारागीर :
मी कातड्याच्या बाजूने सांगतो. चवड्याशी सुखतळा प्रत्येक पावलाला वाकतो आणि तो वाक तुमच्या यंत्राला दाबच वाटणार. पट्टी थरांच्या मधोमध बसवा, तिथे ताण सर्वांत कमी असतो. तांब्याची पट्टी वाकून वाकून तुटेल, चांदीचा मुलामा दिलेले कापड टिकेल. आणि हे सारे बंद, रुंद बुटातच करा. आमच्या अंगठेवाल्या चपला कितीही नावाजलेल्या असल्या, तरी बधिर पायाला चपलेचा तो अंगठा, म्हणजे पायाचा अंगठा अडकवायची कातडी कडी, घासून जखम करतो.

खानापूरकर :
आभारी आहे. वडील अजून चपलाच घालतात. संवेदकाआधी तेच बदलावे लागेल.