आठवडी बाजारातलं शौचालय: दिव्यांगांच्या खोलीला 5 बाय 6 फूट पुरतील का?

तालुका_जेई
बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आठवडी बाजारालगत सार्वजनिक शौचालयाचं काम आहे. नकाशात पुरुषांकडं चार सीटा, बायकांकडं चार, आणि बायकांच्या बाजूला आतल्या टोकाला दिव्यांगांसाठी 5 बाय 6 फुटांची खोली. दार 3 फुटी, जोतं दीड फूट, जमीन काळी, पाणी टँकरचं. जागा वाढवली तर एक सीट जाते. व्हीलचेअरवर बसणारा आणि सोबतचं माणूस, दोघांना पुरेल असं काय करता येईल?

नकाशावाली
सीट जाऊ द्या. पण मापाआधी खोलीची जागा बदला. बायकांच्या आत ठेवली तर बायकोला घेऊन आलेला नवरा दारातच अडतो. पुरुषांकडं नेली तर तरण्या मुलाला घेऊन आलेली आई अडते. दार सरळ बाहेरच्या ओट्यावर उघडायला हवं, पाटी स्त्री-पुरुष दोघांची.

आता माप. कमोड भिंतीपासून साधारण 700 मिमी पुढं येतो, खुर्ची वळायला 1500 मिमीचं वर्तुळ लागतं. झाले 2200. तुमचे 6 फूट म्हणजे 1829. खुर्ची आत जाईल, पण वळणार नाही. रुंदी 2000 तरी धरा. कमोडचा मध्य बाजूच्या भिंतीपासून 450 ते 480 वर, आणि दुसऱ्या अंगाला 900 मोकळे. खुर्ची तिथं लावून माणूस कमोडवर सरकतो. तिथं बादली, कचरापेटी, बेसिन काही येऊ देऊ नका.

3 फुटी चौकटीत चौकटीच्या बाजू आणि फळीची जाडी वजा जाता जेमतेम 750 मिमी उरतात. मोकळे 900 हवेत, म्हणजे साडेतीन फुटी चौकट. दार बाहेर उघडणारं, कडी बाहेरूनही निघणारी. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडकतं.

मुरूम_मास्तर
दीड फूट जोत्याला 1:12 नं, म्हणजे फूटभर चढाला 12 फूट लांबी धरून, 18 फुटांचा रॅम्प लागतो. बाजारात तेवढी जागा कुठली? मग मिस्त्री 8 फुटांत बसवतो आणि तो रॅम्प नुसता फोटोपुरता राहतो. नाल्याचं पाणी चढत नसेल तर या खोलीचं जोतं 6 इंचांवर आणा, 6 फुटांत भागतं. सेप्टिक टाकी त्या हिशोबानं खोल घ्या.

काळी माती रॅम्पखाली ठेवू नका. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. रॅम्प खचला की उंबऱ्यापाशी दोन बोटं पायरी तयार होते आणि पुढची लहान चाकं तिथंच अडकतात. माती काढून मुरुमाचे 6-6 इंचांचे थर पाणी मारून धुमसा, आणि प्लिंथ बीममधून (जोत्याच्या काँक्रीटच्या तुळईतून) सळया काढून रॅम्प त्याला बांधा. हात धुण्याचं पाणी रॅम्पच्या कडेला सोडू नका. दारापुढं 1500 मिमी सपाट ओटा आणि शिवाय दार उघडण्याची जागा ठेवा, नाहीतर दार ओढताना खुर्ची उतारावर मागं घसरते.

फिजिओ_लातूर
नकाशावाली ताई, 2200 बाय 2000 मध्ये सोबतचं माणूस उभं राहील, पण मोठ्या माणसाचा डायपर बदलायचा कुठं? ओल्या फरशीवर? इंग्लंडमध्ये अशा खोल्या 3 बाय 4 मीटरच्या असतात, उंची बदलणारा बाक आणि छताला उचलयंत्र. इथं निदान 3 मीटर बाय 2.7 करा: 700 कमोड, 1500 वळण, समोरच्या भिंतीला 700 रुंद, 1800 लांब ओटा. कडा गोल घासलेल्या, वर धुता येणारी रेक्झिनची गादी.

तालुका_जेई
ओटा किती उंच? स्वयंपाकाच्या ओट्याएवढा?

फिजिओ_लातूर
नाही, 480 मिमी. तेवढ्या उंचीवर खुर्चीतून न उचलता सरकवता येतं. सांभाळणाऱ्याला वाकावं लागतं हे खरं. पण 800 केला तर 60 किलोचं माणूस एकट्या बाईनं वर कसं घ्यायचं? ओट्याखाली पोकळी सोडा, पाय आत गेले की कंबरेवर ताण कमी येतो.

पाईप_फिटर
सगळ्यात आधी कमोडशेजारच्या धरायच्या दांड्या निखळतात. चार इंची भिंत, त्यात रावळ प्लग (स्क्रूसाठीची प्लास्टिकची खुंटी); महिन्याभरात स्क्रू हातात. तिथं भिंत नऊ इंची घ्या किंवा भिंतीच्या दोन्ही बाजूंना पट्टी लावून आरपार बोल्ट टाका. दांडीला 38 मिमीचा 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा पाईप, भिंतीपासून 50 मिमी सुटा, सीटच्या 200 मिमी वर. मोकळ्या बाजूची दांडी वर उचलता येणारी, नाहीतर खुर्ची शेजारी लागत नाही. ताब्यात घेण्याआधी एका गवंड्याला पूर्ण वजनानं लोंबकळू द्या. ॲसिडनं धुऊ नका, स्टीललाही खड्डे पडतात.

सीटची वरची कड 450 ते 480 वर हवी. बाजारातलं भांडं बुटकं असतं, म्हणून खाली चौथरा करतात. तो भांड्याच्या बाहेर आला की फूटरेस्ट धडकतो. भांड्याच्या बुडाच्या आकारातच करा.

टँकरचं पाणी संपलं की एकट्या माणसाला बादली उचलता येत नाही. या खोलीसाठी 200 लिटरची वेगळी टाकी, 6 लिटरच्या फ्लशला तिशीक वेळा पुरते.

आणि हो, झाडू-फिनेलसाठी 3 बाय 3 फुटांचं कपाट नकाशातच काढा. नाहीतर महिन्यात ही खोलीच सफाईची कोठी होते अन् कुलूप लागतं.