ड वर्ग वाचनालयात वायफाय: सुरुवात कुठून?

वाचनालयवाली ताई: आमचं ड वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं, वाचनालय, एक खोली, पत्र्याचं छत. संध्याकाळी सात-आठ पोरं भरतीचे फॉर्म भरायला मोबाइल घेऊन पायरीवर बसतात, कारण रेंज तिथेच येते. मी माझाच हॉटस्पॉट देते! ग्रामपंचायतीत भारतनेटचा, म्हणजे गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या सरकारी योजनेचा, डबा आहे, दिवा लुकलुकतो, पण वायर आमच्यापर्यंत येत नाही. आता काय करू?

जुना ग्रंथपाल: ताई, आधी पंचायतीकडून ठराव घ्या. तोंडी 'हो' म्हणतात आणि सरपंच बदलला की विसरतात. संगणकासाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना पाहा, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे चौकशी करा. आपला ग्रंथालय कायदा 1967चा, त्यात इंटरनेट कुठून असणार?

केबलवाला: पीएम-वाणी बघितलंत का? सार्वजनिक वायफायची योजना, डिसेंबर 2020मध्ये केंद्राने मंजूर केली. किराणा दुकानदारही वायफाय वाटू शकतो, परवाना लागत नाही. फक्त राउटरला इन्व्हर्टर लावा. आमच्याकडे वीज गेली की सगळं ठप्प.

वाचनालयवाली ताई: इन्व्हर्टर डोक्यातच नव्हता. पण नुसतं वायफाय दिलं तर पोरं रील बघत बसतील, अशी समितीतल्या आजोबांची भीती.

जुना ग्रंथपाल: बघू देत. त्याच आजोबांना मराठी विश्वकोश मोबाइलवर उघडून दाखवा, फुकट आहे. आमच्याकडचे एक तर 'कापूस' ही नोंद वाचून घरी जायलाच तयार नव्हते.

वाचनालयवाली ताई: ग्रामसभा सोमवारी आहे. अर्ज आजच लिहिते.