महाबळेश्वरला मध घ्यायचाय, पण कुठला?

केतकी_ठाणे:
मेच्या दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंना घेऊन महाबळेश्वरला चाललेय. आल्या आल्या नणंदेच्या लेकीचं बारसं आहे. येणाऱ्या बायकांना मधाच्या छोट्या बाटल्या द्यायचा बेत आहे. पण तिथे बाजारात मध, चिक्की, सरबतं, चपला सगळं एकाच दुकानात! खरा मध ओळखायचा कसा? सासूबाई म्हणतात, पाण्यात थेंब टाकायचा, तळाशी बसला की अस्सल.

वाईचा_बापू:
ताई, पाण्यातला थेंब, काडीपेटी, टिपकागद या सगळ्या गमती. साखरेचा घट्ट पाकही तळाशीच बसतो की! उलट आमच्या सातेरी माशीचा मध मुळात पातळ, तोच बिचारा नापास व्हायचा.

वडिलांच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत म्हणून सांगतो. दुकानदाराला विचारायचं, माशी कुठली अन् फुलोरा कुठला. सातेरी पेटीत राहते. आग्या पेटीत नांदत नाही, ती कड्याला नाहीतर उंच झाडाला उघडं पोळं लावते. 'आग्याचा मध, आमच्याच पेटीतला' असं ऐकलंत की समजून जा. जांभळाचा मध काळपट असतो, गोडाच्या मागून जिभेवर कडसर चव रेंगाळते. पहिल्यांदा खाणारा तोंड वाकडं करतो, मला मात्र तोच आवडतो. तुम्ही जाल तेव्हा जांभूळ-हिरड्याचा नवा मध आलेला असेल. कारवीचं झुडूप फुलतं सात-आठ वर्षांनी, तेही पावसाळा सरता सरता. मेमध्ये कोणी 'कालच काढलेला कारवीचा' म्हणाला, तर हसायचं आणि पुढचं दुकान गाठायचं.

खादी ग्रामोद्योग मंडळाचा 'मधुबन' मध मिळतो, त्यांचं मध संचालनालय महाबळेश्वरातच आहे. सवड असेल तर जवळच्या मांघर गावाला जा. २०२२ साली ते मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. सासूबाईंना पेट्या दाखवा.

अनुराधा_कोथरूड:
बापूंना अनुमोदन. एक भर घालते. थंडीत मध गोठतो, तळाशी रवाळ थर बसतो. मी दिवाळीत वाटला होता, तर एका वहिनींनी 'साखर घातलीय' म्हणून फोन केला! बाटलीवर चिठ्ठी चिकटव: गोठला तर कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर चढवू नका.

आणि बारसं आहे म्हणून मुद्दाम सांगते. बाळाला मध चाटवू देऊ नकोस, बोटाला लावूनसुद्धा नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मोठ्यांना तोच मध पचतो.

केतकी_ठाणे:
अगं बाई! सासूबाईंनी चाटवायला चांदीची वाटी घासून ठेवलीय. मी सांगितलं तर 'आम्ही नाही का वाढवली पोरं' ऐकावं लागेल.

अनुराधा_कोथरूड:
तू नकोच सांगूस. नणंदेला बाळाच्या डॉक्टरांना विचारायला सांग, आणि फोन स्पीकरवर ठेव.

वाईचा_बापू:
वाटीत जांभळाचा मध घालून पहिलं बोट सासूबाईंनाच चाटवा. बाटल्यांच्या झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावा, घाटात सांडतो.