भाच्याला १०९९ मिळाला, पण ट्रक कंपनीचा आहे

मंडळी, नमस्कार.
भाचा अमेरिकेत वर्षभर एका कंपनीचा ट्रक चालवतोय. डिझेल, विमा, दुरुस्ती सगळं कंपनीचं. कुठला माल कधी न्यायचा तेही डिस्पॅचरच सांगतो. तरी डब्ल्यू-२ (नोकराच्या पगाराचा कर-फॉर्म) ऐवजी १०९९-एनईसी (कंत्राटदाराच्या कमाईचा फॉर्म) आलाय. रुजू होताना ‘मी स्वतंत्र कंत्राटदार’ अशा कागदावर सही घेतली होती म्हणे. सही केली म्हणजे विषय संपला का?

---
> सही केली म्हणजे विषय संपला का?

नाही हो ताई. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं कर खातं, प्रत्यक्षातला व्यवहार बघते. काम कसं करायचं ते कोण सांगतं, पैशाची जोखीम कुणाची, दोघांचं नातं कसलं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तो सरळसरळ नोकर दिसतो.

नोकराच्या पगारातून सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा सरकारी आरोग्य विमा) यांचे ७.६५ टक्के कापतात, तेवढेच मालक घालतो. १०९९ वाल्याच्या गळ्यात दोन्ही वाटे, म्हणजे १५.३ टक्के. इन्कम टॅक्स वर वेगळा.

फॉर्म एसएस-८ भरून आयआरएसकडे निर्णय मागता येतो. फी नाही, पण सहा महिने तरी धरून चाला. रिटर्न अडवून ठेवू नका. त्याला फॉर्म ८९१९ जोडून, कारणाचा कोड ‘जी’ (एसएस-८ भरलाय, उत्तर यायचंय) टाकून, फक्त स्वतःचा वाटा भरता येतो. मात्र एसएस-८ गेला की आयआरएस कंपनीलाही विचारते. नोकरीवर गदा येईल का, ते भाच्यानेच जोखावं.

---
माझा ट्रक माझा आहे, म्हणून दुसरी बाजू. मला १०९९ परवडतो. डिझेल, टायर, घसारा शेड्यूल सीवर (धंद्याच्या नफ्या-तोट्याचा फॉर्म) वजा होतात, मुक्कामी फेऱ्यांतल्या जेवणाच्या भत्त्याचे ८० टक्केही. डब्ल्यू-२ वाल्या ड्रायव्हरला २०१८ पासून फेडरल रिटर्नवर स्वतःच्या खिशातला असा खर्च दाखवता येत नाही. पण भाच्याचा खर्च कंपनीच करते, मग तो वजा काय करणार?

कॅलिफोर्नियात २०२० पासून एबी५ हा नोकर की कंत्राटदार ते ठरवणारा कायदा आहे. कंत्राटदार म्हणायचं तर ड्रायव्हरचं काम आपल्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं आहे, हेही कंपनीने दाखवायचं. ट्रकच्या कंपनीने ते कसं दाखवावं! अर्थात तो राज्याचा कायदा. आयआरएसची कसोटी वेगळी.

---
आभार. कंपनी आता म्हणते, ट्रक आमच्याकडून लीजवर घे, हप्ता कमाईतून कापू. मग तरी तो स्वतंत्र?

---
ताई, तोच ट्रक घेऊन दुसऱ्या कंपनीचा माल नेता येईल का, एखादी फेरी नाकारता येईल का, हे आधी विचारा. दोन्हीला ‘नाही’ असेल तर डिझेल आणि दुरुस्ती तेवढी त्याच्या अंगावर येईल, हुकूम कंपनीचाच राहील. लीजचा कागद सही करण्याआधी मला पाठवा.