मदत हवी आहे : धडक देऊन पळालेल्या टेम्पोचालकाला नेमकं कोणतं कलम लागतं?

नमस्कार मंडळी. निपाणीजवळ सर्व्हिस रोडवर मावशीच्या यजमानांच्या मोटारसायकलीला टेम्पोनं मागून उडवलं. काका जागीच गेले. चालक न थांबता कोगनोळीच्या दिशेनं पसार. मागं उरला फुटलेल्या इंडिकेटरचा पिवळा तुकडा, आणि चहावाल्यानं पाहिलेलं 'एमएच ०९', म्हणजे कोल्हापूरचा नंबर. पुढचे आकडे त्याला दिसले नाहीत.

एफआयआर कन्नडमध्ये आहे. मावशीला ती वाचता येत नाही, भाच्यानं वाचून सांगितलं : भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), म्हणजे निष्काळजीपणानं मृत्यू, ५ वर्षांपर्यंत कैद. पोलिसांना न कळवता पळाल्यास १०६(२) खाली १० वर्षांपर्यंत शिक्षा लिहिलीय, पण जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी संप केला आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा नेमकं हेच पोटकलम बाजूला ठेवलं. मग थांबून दवाखान्यात नेणारा आणि पळणारा, दोघांना एकच माप? मोटार वाहन कायद्याचं १३४ (अपघातानंतर मदत करणं, पोलिसांना कळवणं) आणि १८७ (ते न केल्याची शिक्षा) आहे, पण त्यात पहिल्या वेळी फार तर ६ महिने.

वकील मंडळींनी सांगावं : १८७ जोडून घ्यायला अर्ज ठाण्यात द्यायचा की कोर्टात? गाडी कोल्हापूरकडची असेल तर टोलनाक्याचं फुटेज पुसलं जाण्याआधी कुणी मागवायचं? अज्ञात वाहनासाठीची २ लाखांची भरपाई आत्ताच मागावी का? टेम्पो नंतर सापडला तर ती परत करावी लागते म्हणतात, हे खरं का? आणि चिक्कोडी-निपाणीकडं मराठीतून समजावून सांगणारा वकील कुणाच्या ओळखीत असेल तर मेसेज करा.