टाकीच्या तोंडाशी घेतलेलं रीडिंग पुरेसं नाही

सांडपाण्याच्या बंद टाकीत माणूस उतरवण्याबद्दलच्या या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ‘मॅनहोलशी, म्हणजे टाकीच्या तोंडाशी, वायू मोजायचा मीटर धरला, ऑक्सिजन २०.९ टक्के दिसला की माणूस उतरवायला हरकत नाही’. हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. ते रीडिंग बाहेरच्या हवेचं असतं. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. मिथेन हा ज्वलनशील वायू हलका, वर जातो. म्हणून नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी असे तिन्ही नमुने घ्यायचे, आणि लांब नळीतून हवा मीटरपर्यंत पोचायला वेळ द्यायचा. आधी ऑक्सिजन बघायचा, कारण ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर तो वायू जाळूनच मोजतो; ऑक्सिजन कमी असला तर आकडाही खोटाच कमी येतो.

गाळाबद्दल मात्र या चर्चेत कुणीच लिहिलेलं नाही. मी डिस्टिलरीच्या सांडपाणी विभागात असताना एका टाकीची तिन्ही रीडिंग स्वच्छ आली होती. आत गाळाला फावडं लागलं आणि मिनिटाभरात अंगावरचे मीटर ओरडायला लागले. गाळात अडकलेला वायू ढवळल्यावर सुटतो. आत उतरलेल्या दोघांनाही लगेच वर घेतलं, म्हणून वाचले. हायड्रोजन सल्फाइडच्या वासावर तर विसंबूच नका. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकाला तो वास येणंच बंद होतं. काम संपेपर्यंत मीटर अंगावर आणि आत ताजी हवा सोडणारा ब्लोअर चालू हवाच.