वाड्याच्या भिंतीतली मयूरशिखा कुंडीत काळी पडते आहे. मृगाआधी काय करावे?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)

रामदुर्गला माझ्या आजोळच्या वाड्याची मागची भिंत गेल्या वर्षी जूनमध्ये उतरवली. दगडांच्या सांध्यांत, जुन्या चुन्यामध्ये, वितीएवढी उंच आणि पंख्यासारखी दिसणारी नेच्याची, म्हणजे फर्नची, रोपे उगवलेली होती. गवंडी त्यांना कन्नडमध्ये ‘नविलगरी’, म्हणजे मोरपीस, म्हणत होता. ही मयूरशिखा आहे हे मला नंतर कळले. भिंत पडणारच होती, म्हणून चुन्याच्या ढेपेसकट तीन रोपे काढून मी बेळगावला आणली.

पावसाळ्यात ती व्हरांड्यात उत्तम राहिली. फेब्रुवारीच्या शेवटी पाने मिटून तपकिरी होऊ लागली, तेव्हा मी घाबरून रोज सकाळी पाणी घालू लागले. तरीही पाने उघडेनात, म्हणून एप्रिलमध्ये एका रोपवाटिकेच्या सल्ल्याने तिन्ही रोपे काळी माती आणि शेणखत भरलेल्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांत लावली आणि ऊन मिळावे म्हणून गच्चीवर ठेवली. आता मे संपत आला आहे. दोन रोपे बुडाशी काळी पडली असून मातीला आंबूस वास येतो आहे. तिसऱ्याची पाने घट्ट मिटलेली आहेत, पण एक पान रात्रभर पाण्यात ठेवल्यावर ते पुष्कळसे उलगडले. म्हणजे ते रोप जिवंत आहे असे समजावे का? आजोळचे आता एवढेच उरले आहे, म्हणून कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ (निपाणी)

ताई, मी महाविद्यालयात बरीच वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले आहे आणि या नेच्यावर माझा विशेष जीव आहे, त्यामुळे थोडे लांबण लावतो.

फेब्रुवारीत आपल्या रोपांना काहीही झालेले नव्हते. मयूरशिखा, म्हणजे ॲक्टिनिऑप्टेरिस रेडिएटा, कातळाच्या भेगांत राहते, आणि तिथे पाऊस थांबला की ओलावा टिकत नाही. इतर झाडे अशा वेळी पाणी धरून ठेवण्याचा खटाटोप करतात, ही ते जाऊ देते. पाणी कमी होऊ लागले की पेशींमध्ये शर्करा साठते, ती पेशींचे नाजूक पडदे आणि प्रथिने सांभाळून धरते, पंखा मिटतो, आणि रोप पुढच्या पावसापर्यंत जवळजवळ निश्चल अवस्थेत जाते. मात्र या तयारीला वेळ लागतो. भिंतीच्या सांध्यात रोप हळूहळू सुकते. गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत मुळे भाजून निघतात आणि पाने एका दुपारीत कोरडी होतात, तेव्हा ही सोय करायला त्याला अवधीच मिळत नाही. त्यात रोजचे पाणी आणि काळी माती, म्हणजे वर कोरडे आणि खाली चिखल. आपली काळी माती कापसाला आणि शाळूला कितीही चांगली असली, तरी ओली झाल्यावर ती हवा आत शिरू देत नाही, आणि या नेच्याच्या बारीक मुळांना पाण्याइतकीच हवा लागते.

पान उलगडले यावरून मात्र निष्कर्ष काढू नका. मेलेले पानही कागदासारखे पाणी शोषून बरेचसे उलगडू शकते. जिवंत पान उलगडल्यानंतर हिरवट होते आणि पुढचे काही दिवस तसेच राहते, मेलेले पान तपकिरी राहते आणि नंतर कुजते. खरी परीक्षा बुडाशी करावी. मुळांच्या वर जे आखूड, बारीक तपकिरी खवल्यांनी झाकलेले खोड असते, त्याला मूलक्षोड म्हणतात. ते नखाने हलकेच दाबून पाहावे. टणक लागले तर आशा आहे, मऊ पडले असेल आणि बोटाला काळे पाणी लागले तर तो भाग गेला.

आजच तिन्ही रोपे मातीतून काढा. मुळांना चिकटलेली काळी माती पाण्याच्या हलक्या धारेखाली सोडवा, कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने कापा आणि रोपे एक दिवस सावलीत वर्तमानपत्रावर राहू द्या. नंतर मातीची, म्हणजे कुंभाराकडची, उथळ कुंडी घ्या. तीत जाड वाळू, विटांचे किंवा जांभ्याचे हरभऱ्याएवढे खडे आणि पूर्ण कुजलेला चाळलेला पालापाचोळा घालावा. पालापाचोळा चौथ्या हिश्श्याहून जास्त नको. जुन्या भिंतीतला चुना शिल्लक असेल तर मूठभर चुराही मिसळावा, कारण ही रोपे त्यातच वाढली आहेत. ताजा, भाजका चुना मात्र अजिबात नको, तो मुळे जाळतो. शेणखत आणि युरिया यांची या नेच्याला गरज नाही. मूलक्षोड पुरू नका. दोन चपट्या दगडांच्या मध्ये मुळे सोडून ते दगडांच्या वरच्या कडेशी टेकवा, म्हणजे भिंतीत जशी रचना होती तशीच ती होईल.

उत्तर २ (जांबोटी, ता. खानापूर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण पावसाबद्दल एक गोष्ट जोडावीशी वाटते. रामदुर्गला वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि बेळगाव शहरात त्याच्या साधारण दुप्पट. म्हणजे आपण रोप गाव बदलून आणले तेव्हाच त्याचा पावसाळाही बदलला. गेल्या वर्षी ते व्हरांड्यात होते म्हणून निभावले. यंदा मृग लागल्यावर पावसात न्यायचे असेल तर पहिल्या काही सरी जरूर मिळू द्या, पण जुलैची झड लागली की वळचणीच्या आत घ्या. सकाळचे कोवळे ऊन लागेल आणि दुपारनंतर सावली येईल अशी पूर्वेकडची बाजू मला सर्वांत योग्य वाटते.

आमच्याकडे मयूरशिखेपेक्षा रुपेरी नेचे अधिक दिसते. विहिरीच्या जांभ्याच्या कठड्यावर, रस्त्याच्या कापलेल्या दरडीवर ते सर्रास उगवते. पानाच्या पाठीवर पिठासारखा पांढरा थर असतो. लहानपणी आम्ही ते पान मनगटावर ठेवून जोरात थाप मारायचो आणि उचलल्यावर अख्ख्या पानाची नक्षी, एकेका दात्यासकट, पांढरी उमटलेली दिसायची. हे पीठ पानाला पाणी राखायला मदत करते. कोरड्या दिवसांत पान आतल्या बाजूला वळते तेव्हा ही पांढरी पाठच बाहेर येते आणि उन्हाला परतवते. म्हणून रुपेरी नेचे कुंडीत लावणाऱ्यांनी पानांवर फवारा मारू नये, पाणी दगडांवर ओतावे.

उन्हाळ्यात मी माझ्या कुंड्यांना पाणी बिलकूल देत नाही. वळवाची सर आली तर आली.

उत्तर ३ (निपाणी)

पाणी बिलकूल न देणे जांबोटीला, रानाच्या आणि दवाच्या जवळ, चालत असेल. शहरातल्या सिमेंटच्या घरात उथळ कुंडी फार तापते. माझे मत असे की एप्रिल-मेमध्ये दहा-बारा दिवसांतून एकदा, संध्याकाळी, कुंडीच्या कडेने वाटीभर पाणी द्यावे. पाने उघडावीत हा त्यामागचा हेतू नाही, मुळे अगदी ठिसूळ होऊ नयेत एवढाच आहे. बोअरवेलच्या जड पाण्यापेक्षा साठवलेले पावसाचे पाणी बरे.

प्रश्नकर्तीचे उत्तर (टिळकवाडी)

आपणा दोघांचीही मी मनापासून आभारी आहे. काल संध्याकाळी तिन्ही रोपे काढली. काळ्या पडलेल्यांपैकी एक पूर्ण गेले होते. मूलक्षोड बोटांत धरताच साल निसटली आणि आतून भिजलेल्या कापसासारखा लगदा निघाला. दुसऱ्याचा अर्ध्या पेराएवढा एकच तुकडा टणक आहे. त्याच्या टोकाशी खवल्यांच्या आत मोहरीहून लहान, गुंडाळलेला, फिकट हिरवा कोंब दिसला आणि मला फार बरे वाटले. तिसरे मुळापासून टणक आहे. त्या ढेपेत वाड्याचा चुना अजून चिकटलेला होता, बहुधा त्यामुळेच काळी माती त्याच्या मुळांपर्यंत पोहोचली नसावी. दोन्ही रोपे सांगितल्याप्रमाणे दगडांत बसवली आहेत.

रोप पुन्हा मिळवायचे तर कुठून मिळवावे? इथे विचारले असता एकाने मला ‘मोरपंखी’ म्हणून थुजाचे झाड दाखवले.

उत्तर ४ (गोकाक)

नावांचा हा घोळ नेहमी होतो. ‘मयूरशिखा’ म्हणून कोणी कोंबड्याचे फूलही दाखवतो. विकत शोधण्यापेक्षा आणि गडाच्या किंवा देवळाच्या भिंतीतून उपटण्यापेक्षा आपल्या तिसऱ्या रोपापासून नवी रोपे करावीत, असे मी आग्रहाने सांगेन. सांध्यातून ओढलेले रोप मुळे तुटल्यामुळे सहसा जगत नाही आणि जुन्या भिंतीचा चुनाही सुटतो. आपली भिंत पडणारच होती, त्यामुळे आपले तसे नव्हते.

पावसाळ्याच्या अखेरीस पंख्याच्या पट्ट्या उलट्या करून पाहाव्यात. दोन्ही कडा किंचित आत दुमडलेल्या असतात आणि त्या दुमडीखाली बीजाणूंच्या, म्हणजे ज्या सूक्ष्म कणांपासून नवे नेचे उगवते त्यांच्या, रेघा असतात. रेघा गडद तपकिरी झाल्या की एक पान कापून, पाठ खाली करून, पांढऱ्या कागदाच्या घडीत वाऱ्यापासून दूर ठेवावे. दोन-तीन दिवसांत कागदावर तपकिरी भुकटी पडते. कागद हलकेच तिरपा केला की कोंडा आधी घसरून जातो आणि जी बारीक भुकटी कागदाला धरून राहते ते बीजाणू.

एक साधी, कच्च्या भाजणीची वीट उकळत्या पाण्यात बुडवून काढावी, म्हणजे शेवाळाचे आणि बुरशीचे बीज मरते. गार झाल्यावर ती बशीतल्या उकळून गार केलेल्या पाण्यात उभी ठेवावी, वरच्या बाजूवर भुकटी अगदी विरळ पेरावी आणि सगळ्यावर पारदर्शक बरणी पालथी घालावी. उजेड हवा, थेट ऊन नको. काही आठवड्यांनी विटेवर हिरवी झाक येते आणि पुढे नखाहून लहान, बदामाच्या आकाराचे पापुद्रे दिसू लागतात. पुष्कळ लोक त्यांना शेवाळ समजून वीट धुऊन टाकतात, तसे कृपया करू नका. नर आणि मादी पेशींचे मीलन याच पापुद्र्यांवर होते आणि नरपेशी पोहत जातात, म्हणून या काळात पापुद्र्यांवर पाण्याचा पातळ थर असावा लागतो. बरणी उचलून बारीक फवारा दिला की पुरे. त्यानंतर प्रत्येक पापुद्र्यातून एक चिमुकले पान वर येते. पहिली पाने पंख्यासारखी नसतात, एक-दोन फाट्यांची असतात, त्यामुळे दुसरेच काही उगवले असे वाटून निराश होऊ नये. पाच-सहा पाने झाली की बरणी रोज थोडी थोडी उघडी ठेवत रोपांना बाहेरच्या हवेची सवय करावी.

आणि वीट शक्यतो त्या पाडलेल्या वाड्याचीच घ्यावी.